विषय : सायकल, संदर्भ : आपला प्रश्न

आमच्या सिंदीत कुणाला इंग्रजीत अर्ज लिहायचा असला की तो माझ्याकडे येतो. तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करण्यात माझी अर्धी हयात गेली. 'विथ ड्यू रिस्पेक्ट' अशी सुरुवात करून मी लोकांना विजेची मीटरं मिळवून दिली, बदल्या रद्द करून दिल्या, एका म्हातारीला तर मेलेल्या नवऱ्याची पेन्शन सुरू करून दिली. तेव्हा माझ्या इंग्रजीला गावात मान आहे. ते बोलून दाखवायची वेळ कधी आली नाही म्हणून तो मान आजवर टिकला, असं माझ्या बायकोचं मत आहे.

ही वेळ आली ती मुलीमुळे. माझी मुलगी नर्स. वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात नोकरीला होती आणि सिंदीहून रोज गाडीने अप-डाउन करायची. सोबतच्या दोघीजणी परदेशात गेल्या, तसं हिच्याही डोक्यात ते शिरलं. तिकडच्या एका दवाखान्याने व्हिडिओवर मुलाखत घेतली, पसंत केली, जागाही देऊ केली. अट एकच, इंग्रजीची परीक्षा. वाचणं, लिहिणं, ऐकणं आणि बोलणं अशा चारही भागांत त्यांनी ठरवलेला बँड, म्हणजे गुणांची पायरी, मिळायला हवी. पहिल्या तिन्हींची तिला भीती नव्हती. गाडी अडायची ती बोलण्यापाशी. त्या परीक्षेत समोर एक परीक्षक बसतो आणि पंधराएक मिनिटं तुमच्याशी गप्पा मारतो. पण गप्पा इंग्रजीत आणि गप्पांना मार्क, म्हटल्यावर आपल्या माणसाच्या तोंडाला कुलूपच लागतं.

मी म्हटलं, घरात एवढा माणूस असताना काळजी कशाची.

तिच्या क्लासच्या ग्रुपवर विषयांची यादी फिरत होती. परीक्षक सुरुवातीला कोणकोणत्या साध्यासुध्या गोष्टी विचारतात, त्याची. बूट, शेजारी, पाऊस, सायकल. सायकल वाचून मी सरसावून बसलो. नोकरीतली पहिली पंधरा वर्षं मी कचेरीत सायकलनेच गेलो. या विषयावर माझ्याहून मोठा अधिकारी घरात कोण असणार? मी आखीव कागद घेतला, निळ्या शाईचा पेन घेतला, आणि 'लहानपणी तुमच्याकडे सायकल होती का?' या प्रश्नाला एकोणीस ओळींचं उत्तर सुवाच्य अक्षरात लिहून काढलं.

तो कागद माझ्याकडे अजून आहे. बायकोने जपून ठेवायला लावला, मला कधी गर्व झाला तर दाखवायला. त्याची सुरुवात 'आपल्या प्रश्नाच्या संदर्भात नम्रपणे कळविण्यात येते की' अशी आहे, अर्थात इंग्रजीत. मग मुद्दे. एक, सायकलला पेट्रोल लागत नाही. दोन, धूर निघत नाही. तीन, प्रकृती उत्तम राहते. चार, वाहतुकीची कोंडी होत नाही. ती सिंदीत तशीही होत नाही, पण मुद्दा चांगला होता म्हणून घातला. 'तुम्ही आता सायकल चालवता का?' याचं उत्तर, होय, दररोज सकाळी तीन किलोमीटर. आणि शेवटी, तरी सर्वांनी सायकलचा वापर करावा, ही विनंती. खाली सही आणि दिनांक तेवढा घालायचा राहिला होता.

मुलगी गुणाची. तिने सगळं पाठ केलं. गाडीत पाठ केलं, वॉर्डात सलाईन लावताना पुटपुटली, झोपेत म्हणाली असेल तर मला नवल वाटणार नाही.

नागपूरला परीक्षा झाली. मी सोबत होतो. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला. परतीच्या गाडीत बुटीबोरी गेल्यावर बोलली. परीक्षक बाई पांढऱ्या केसांच्या, हसऱ्या होत्या. त्यांनी खरंच सायकलचं विचारलं. हिने नळ सोडल्यासारखं सुरू केलं. बाईंनी तिसऱ्या मुद्द्यापर्यंत ऐकून घेतलं, मग हळूच तळहात वर केला आणि विचारलं, "ती सायकल दिसायला कशी होती?"

माझ्या एकोणीस ओळींत सायकल दिसायला कशी असते, हे कुठेच नव्हतं. तिची शाळेतली सायकल आमच्या छपरीत, म्हणजे पडवीत, खुंट्यांना टांगलेली आहे. तिच्याखालून आम्ही दिवसातून दहा वेळा ये-जा करतो. पण त्या क्षणी तिला तिचा रंग आठवेना.

निकालात तीन भाग उत्तम आले. बोलण्यात अर्धा बँड कमी.

तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. बायकोने मात्र जेवताना विचारलं, "तो कागद कोनं लिवला होता जी?" मी भाजीला मीठ कमी आहे असं म्हणालो.

तिकडच्या दवाखान्याने जागा आणखी दोन महिने धरून ठेवतो म्हणून कळवलं. त्यानंतर ती दुसऱ्या कुणाला जाणार. म्हणजे परीक्षेला आणखी एकदाच बसता येणार होतं. क्लासच्या मॅडमनी मुलीला समजावून सांगितलं की पाठ केलेलं परीक्षकांना लगेच ओळखू येतं आणि ते त्यांना अजिबात आवडत नाही, तू तुझं सांग. हे मला फारसं पटलं नाही. माझं सगळं आयुष्य ठरलेल्या मजकुरावर गेलेलं. अर्जात जर माणूस स्वतःचं सांगायला लागला तर कचेऱ्या चालतील कशा?

पुढच्या रविवारी बायको विहारातून आली आणि तुरीची डाळ निवडायला सूप घेऊन छपरीत बसली. मुलीला म्हणाली, बस समोर, सांग काय सांगतेस ते.

मुलगी म्हणाली, आई, तुला इंग्रजी कुठे येतं?

"नाई येत तं नाई येत. सांगून तं पाहा."

मुलगी सांगू लागली. माझाच मजकूर थोडा सैल करून. बायकोचे हात डाळीत चालूच. खडा उचलायचा, बाजूला टाकायचा, सूप हलवायचं. उत्तर संपलं तरी हात चालूच. मग तिने वर न बघता निकाल दिला. "हे तू वाचून राह्यली. तुया डोळ्यासमोर कागद हाय."

मी थक्क झालो. इंग्रजीचं एक अक्षर न कळता तिने नेमकं तेच सांगितलं जे मॅडमनी सांगितलं होतं. त्या दिवसापासून आमच्या घरी परीक्षेचा नियम ठरला. बोलता बोलता आईचे डाळीतले हात थांबले तर पास. चालू राहिले तर नापास. क्लासमध्ये कसले कसले निकष सांगायचे, शब्दसंपत्ती, ओघ, उच्चार, पण आमच्या छपरीत निकष हा एकच.

नंतर बायकोने एकेका उत्तराचा मराठीत अर्थ विचारायला सुरुवात केली. दररोज तीन किलोमीटर सायकल, हे ऐकून तिने माझ्याकडे पाहिलं, मग वर टांगलेल्या सायकलकडे. सायकलच्या दांडीवर लसणाच्या जुड्या लटकत होत्या, कॅरिअरवर तिचीच जुनी गोधडी होती.

"खोटं काऊन सांगाचं तिले? लसून वाळवतो आमी सायकलीवर, हे सांग."

मुलगी हसायला लागली. आणि हसता हसता तेच इंग्रजीत म्हणाली. नाही, आता मी चालवत नाही, आता माझी आई तिच्यावर लसूण वाळवते. साधं वाक्य. त्यात धूर नाही, पेट्रोल नाही. पण बोलताना तिचा हात आपोआप वर सायकलकडे गेला आणि बायकोचा हात सुपात थांबला. तिला शब्द कळले नव्हते, पण कशाबद्दल चाललंय ते कळलं होतं.

माझी नेमणूकही त्याच दिवशी झाली. बायको म्हणाली, तुम्हाला इंग्रजी येतं ना, मग तुम्ही परीक्षक. पण एकच शब्द बोलायचा. तिने काहीही सांगितलं की नुसतं 'काऊन', म्हणजे 'का', एवढंच विचारायचं, इंग्रजीतून. दुसरा शब्द काढायचा नाही. पंचवीस वर्षांच्या इंग्रजीचा असा एका शब्दात गुंडाळलेला गोळा घेऊन मी खुर्चीवर बसलो. मुलगी म्हणाली, मला आठवीत सायकल मिळाली. मी म्हणालो, व्हाय? तर, शाळा पाच किलोमीटरवर होती आणि एसटी पहिला तास संपल्यावर यायची. व्हाय? तर, ड्रायव्हर आमच्या फाट्यावर चहा प्यायचा. बायकोचे हात थांबले. मी उगीचच सुखावलो, जणू प्रश्न मी शोधून काढला होता.

असे पंधरा दिवस गेले. सायकलची छोटी उत्तरं सुधारली. दिसायला कशी होती? जांभळी. शाळेतल्या दूर राहणाऱ्या सगळ्या मुलींना एकाच दिवशी मिळालेली, चाळीसच्या चाळीस सारख्या, तीच जाळीची टोपली, तेच कुलूप. मग ओळखायची कशी? कुणी रिबीन बांधली, कुणी मडगार्डवर नेलपॉलिशचा ठिपका काढला, मी हँडलला लाल लोकर बांधली.

एवढं झाल्यावर ती थांबली आणि माझ्याकडे पाहून गालात हसली. पुढे काय येणार ते माझ्या लक्षात आलं. मी परीक्षकाची मर्यादा सोडून म्हणालो, "ते नको."

"काऊन, बाबा?" तिने विचारलं. माझाच शब्द.

आता लपवण्यात अर्थ नाही, इथे सांगूनच टाकतो. ती आठवीत असताना महिनाभर कुरकुर करत होती की सायकलची चेन पडते, ब्रेक लागत नाही. मी कचेरीतल्या रीतीप्रमाणे प्रकरण विचाराधीन ठेवलं होतं. मग एका शनिवारी, सकाळची शाळा असताना, मला वाटलं आपण पोरीला चकित करावं. घरातली दुसरी चाबी घेतली, रजा टाकली, शाळेच्या सायकल स्टँडवर गेलो. चाळीस जांभळ्या सायकली. लोकर शोधली, तर ती दिसेना; ती कधीच झिजून पडली होती, हे मला माहीत नव्हतं. अंदाजाने एका सायकलला चाबी लावली. कुलूप उघडलं. चाबी लागली म्हणजे सायकल आपली, यापेक्षा पक्का पुरावा कारकुनाला काय पाहिजे? त्या खेपेच्या सगळ्या कुलपांना सगळ्या चाब्या लागतात, हे शाळेतल्या प्रत्येक मुलीला ठाऊक होतं. मला नव्हतं.

सायकल मिस्त्रीकडे नेली. नवी चेन, नवे ब्रेक, नवं सीटकव्हर, सगळ्याचं ओव्हरऑइलिंग. वर आणि शेजारच्या पेंटरकडून चेनकव्हरवर पांढऱ्या रंगात आमचं आडनाव लिहून घेतलं, ठसठशीत, खाली एक फूल. शाळा सुटायच्या आत सायकल होती तिथे नेऊन ठेवली आणि घरी येऊन झोपाळ्यावर बसलो, कौतुकाची वाट पाहत.

मुलगी आली. मी सहज आवाजात विचारलं, आज सायकल कशी चालली? म्हणाली, दोनदा चेन पडली, फाट्यापासून तर हातात धरूनच आणली. मी तडक उठलो आणि मिस्त्रीशी भांडायला निघालो. बायकोने दारातच धरलं म्हणून, नाहीतर त्या गरीब माणसाचं त्या दिवशी काही खरं नव्हतं.

सोमवारी उलगडा झाला. पलीकडच्या वस्तीतली एक मुलगी वर्गात सांगत होती की तिची सायकल शाळेने गुपचूप नवी करून दिली. त्या संध्याकाळी तिचे वडील आमच्या दारात उभे. शेतकरी माणूस, भिडस्त. सायकल घेऊनच आले होते. मला वाटलं भांडायला आले असतील. ते बराच वेळ पाणी पीत राहिले, मग म्हणाले, "भाऊ, तुमचं नाव पुसू का राहू देऊ? रंग लई चांगला हाय, पुसायले जीव होत नाई."

काय सांगणार? राहू द्या म्हटलं. ती मुलगी दहावी होईपर्यंत आमचं आडनाव मिरवत फिरली. आणि आमच्या मुलीची सायकल मंगळवारी बायकोने स्वतः नेली, मिस्त्रीसमोर उभी राहिली आणि अर्ध्या तासात दुरुस्त करून आणली. येताना लाल लोकरीचा नवा गोंडा बांधून आणला.

हे सगळं एका परक्या बाईसमोर, इंग्रजीत, रेकॉर्ड होत असताना सांगायचं? मी हरकत घेतली. वडिलांची अब्रू म्हणून काही असते. हवं तर मी दुसरा प्रसंग लिहून देतो, सायकलवरून पवनारच्या नदीवर काढलेल्या सहलीचा, वर्णनासकट. मुलीने माझं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमची ती सहल झालीच नाई. हे तं झालं. मले हे सांगताना शब्द शोधावा लागत नाई. मले जायचं हाय, बाबा."

शेवटचं वाक्य तिने इतक्या हळू म्हटलं की माझी हरकत तिथेच बारगळली.

तिने गोष्ट इंग्रजीत सांगायला घेतली. अडखळली, एका ठिकाणी मागे जाऊन वाक्य सुधारलं, चेनकव्हरला काय म्हणतात ते सुचेना तर हाताने दाखवलं. पण थांबली नाही. माझी चाबी कुलपात फिरली तिथे बायकोचे हात थांबले. ते शेतकरीभाऊ पाणी पिऊ लागले तिथे ती इतकी हसली की सूप कलंडलं आणि निवडलेली डाळ न निवडलेल्या डाळीत जाऊन मिळाली. ती पुन्हा निवडायचं काम माझ्याकडे आलं. ते मी तक्रार न करता केलं.

दुसऱ्यांदा नागपूरला गेलो. मुलगी आत गेली आणि मी समोरच्या टपरीवर तर्री-पोहे मागवले आणि ते बाजूला ठेवून दाराकडे पाहत बसलो. कचेरीत मी लिहिलेल्या अर्जाच्या निकालाची मी कधी अशी वाट पाहिली नाही. तिथे अर्ज दुसऱ्याचा असतो.

ती बाहेर आली ती रस्ता ओलांडायच्या आधीच हात हलवत. सायकलचं कोणी विचारलंच नाही म्हणाली. बुटांचं विचारलं, शेजाऱ्यांचं विचारलं. प्रत्येक उत्तरानंतर हिच्या कानात माझा 'व्हाय' वाजत होता, म्हणून परीक्षकाने विचारायच्या आत ही कारण सांगून मोकळी व्हायची. मग त्यांनी कार्ड दिलं, कोणीतरी तुम्हाला मदत केली असा प्रसंग सांगा. एक मिनिट विचाराला, दोन मिनिटं बोलायला.

"मंग?" मी विचारलं.

तर हिने सुरुवातच अशी केली, की माझ्या वडिलांनी मला एकदा मोठी मदत केली, फक्त ती दुसऱ्या मुलीला पोचली. परीक्षक या वेळी पुरुष होते, तोंडावरची सुरकुती न हलवणारे. आडनावापाशी त्यांनी पेन खाली ठेवला. दोन मिनिटं संपल्यावर एवढंच विचारलं, तुमचे वडील अजूनही मदत करतात का? ही म्हणाली, हो, ते आत्ता बाहेर बसलेत.

तर्री-पोहे गार झाले होते. ते तिने खाल्ले.

निकाल आला तेव्हा ती वर्ध्याच्या फलाटावर होती. तिने पहिला फोन आईला केला, मला नाही. बायकोने कचेरीत फोन करून कळवलं. पाहिजे होता तेवढाच बँड मिळाला, ना कमी, ना जास्त. मी कचेरीतल्या सगळ्यांना वर्ध्याची गोरसपाक बिस्किटं वाटली आणि माझ्या मार्गदर्शनाबद्दल थोडंफार बोललो. सायकलचं कुणाला सांगितलं नाही.

एक काम मात्र मुलीने माझ्याकडेच दिलं. वर्ध्याच्या दवाखान्याला द्यायचा राजीनामा. म्हणाली, हे तुमच्यासारखं कोणाला जमत नाही. मी आखीव कागद घेतला, निळा पेन घेतला. 'विथ ड्यू रिस्पेक्ट' लिहिलं आणि तिथेच अडलो. हा मजकूर मी उभ्या जन्मात शंभर जणांना लिहून दिला असेल. त्या दिवशी चार कागद फाडले. बायकोने जवळ चहा आणून ठेवला.

आता तिला तिकडे जाऊन आठ महिने झाले. घरापासून दवाखाना जवळ, बस वेळेवर नाही, म्हणून तिने परवा एक जुनी सायकल घेतली. व्हिडिओवर दाखवली. काळी, उंच, दवाखान्याच्या स्टँडवर तशाच कितीतरी काळ्या सायकलींमध्ये उभी. हँडलला लाल लोकर बांधलेली. लोकर तिकडे कुठे मिळाली कोण जाणे.

बायकोने मोबाईल डोळ्याजवळ नेला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "तुयी चाबी दुसऱ्याच्या कुलपाले लागते का, ते एकदा पाहून घेजो, बाई."

मी मागून म्हटलं, ब्रेक बरोबर लागत नसले तर मला कळव.

पलीकडून मुलगी आणि अलीकडून बायको, दोघी एकाच वेळी म्हणाल्या, "काऊन?"